आईची मेस आणि सी कावीळ

आईच्या मेसला पाटी नव्हती. लातुरात क्लासेसच्या भागात कुणालाही विचारलं, "लंगड्या मावशीची मेस कुठं हाय?" की तो हात करून गल्ली दाखवायचा. आईला त्या नावाचं काही वाटत नसे. "लंगडी हाये तर लंगडीच म्हणतील की," ती म्हणायची, "भाकरी तर गोल थापते ना मी?"

नांदेड, परभणी, हिंगोली, पार तेलंगणाच्या सीमेवरून पोरंपोरी लातूरला यायची. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असायचं. सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट, आणि मधल्या वेळात आमच्या दोन खोल्यांत पंगत. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, एक सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. मोठी टेस्ट असली की आदल्या दिवशी आई तिखट कमी करायची. "पोट बिघडलं तर डोकं चालत न्हाई," हा तिचा सिद्धांत. मी त्याच भागातल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. त्यामुळं निम्मी पोरं आईच्या पंगतीतून उठून थेट माझ्या वर्गात येऊन बसायची.

आई लातूरला कशी आली ते आधी सांगते.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या शेजारचं. मी तेव्हा चौथीत होते. गणपती बुडवून गाव झोपी गेलं आणि पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, अशी आमच्याकडची घरं. उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून बांधलेल्या त्याच भिंती माणसांवर कोसळल्या. बाबा तिथंच गेले. मी आईच्या पोटाशी झोपले होते, तिच्या आडोशानं वाचले. तिचा उजवा पाय मात्र मांडीपासून चेचला गेला.

माणसांनी हातांनी दगड उपसून आम्हांला बाहेर काढलं. जीपमधून दवाखान्यात नेलं. तिथं व्हरांड्यात, पायऱ्यांवर, जिथं जागा असेल तिथं जखमी झोपवले होते. मला त्या दिवसातलं फार काही आठवत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट आठवते. रक्त द्यायला आलेल्या लोकांची रांग फाटकाच्या बाहेर गेली होती. कॉलेजची पोरं, आडतीवरचे हमाल, रिक्षावाले, बुरख्यातल्या दोन बायका, एक पोलीस. सगळे बाह्या वर सारून, गप्प उभे होते. त्यांच्यातल्याच कुणाकुणाचं रक्त आईला चढलं आणि ती जगली. ती आयुष्यभर सांगायची, "माझ्या अंगात अनोळखी माणसं हायेत. कोण, कुठली, देवाला ठाऊक. पण मी त्यांचीच."

पुढं मामानं आम्हांला मुखेडला नेलं. मामाचं तिथं शिलाईचं दुकान होतं. आईनं मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा सगळीकडं लातूर पॅटर्नचा गाजावाजा होता. आईनं ठरवलं, लातूरला जायचं. मामा वैतागला. "अक्का, एकटी बाई, त्यात पाय असा. तिथं जाऊन करशील काय?"

"इथं करते तेच. रांधणार."

सुरुवातीला माझ्यासोबत वर्गातल्या दोघी-तिघी जेवायला येत. मग त्यांच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांचे भाऊ. माझा मेडिकलला नंबर लागला नाही. आईनं त्याबद्दल मला एक शब्द ऐकवला नाही. मी शिकत राहिले, शिकवायला लागले, आणि मेस वाढत राहिली.

भूकंपाला पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भाकरी करपलेली दिसेना, तेव्हा कुठं ती ऑपरेशनला तयार झाली. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात तसं तपासलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "ऑपरेशन होईल, पण आधी एक बघून घेऊ. आईंना हिपॅटायटिस सी निघालाय. सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथं ह्याची सोय आहे."

मी वर्गात फळ्यावर लिव्हर काढून हिपॅटायटिस शिकवायचे. ए पाण्यातून, बी आणि सी रक्तातून. परीक्षेत प्रश्न बहुतेक बीवर येतो, म्हणून सीसाठी माझ्याकडं एकच वाक्य होतं. तो सी आता माझ्या आईच्या अंगात निघाला होता, आणि तेवढ्या एका वाक्यावर माझं काही भागत नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. रिपोर्ट बघून त्यांनी आईला पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, तुम्हांला कधी रक्त चढवलं होतं का?"

"भूकंपात."

डॉक्टर बाईंनी मान वर केली. "किल्लारीच्या?"

"हाव."

"मग तिथूनच आला असणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या काळी रक्तात हा विषाणू तपासायची सोयच नव्हती. तपासणी सक्तीची झाली ती पुढं काही वर्षांनी. दवाखान्याची चूक नाही, रक्त देणाऱ्याची तर नाहीच. त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल."

"इतकी वर्षं अंगात हाय आन् मला कळलं न्हाई?"

"हा आजार असाच असतो. वीस-पंचवीस वर्षं गुपचूप बसतो. लिव्हर हळूहळू कडक करत जातो. बहुतेकांना पत्ताच नसतो."

मी विचारलं, "किती लोकांना असतो हा?"

"सरसकट बघितलं तर फार नाही," त्या म्हणाल्या. "शंभर माणसं उभी केली तर एखादा निघेल, कधी तोही निघत नाही. पण मॅडम, हा सगळ्यांत सारखा वाटलेला नसतो. काही लोकांत तो दाटून असतो. तपासणीच्या आधीच्या काळात ज्यांना रक्त चढलं ते. डायलिसिसवर असलेले. जन्मापासून रक्त घ्यावं लागतं ती लेकरं. एकाच सुईनं अनेकांना इंजेक्शन दिलं जायचं त्या गावांतले लोक. नशेच्या सुया एकमेकांत वापरणारी पोरं. जिथं एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्ताला लागलं, तिथं ह्याला शोधायचं."

आईचा पुढचा प्रश्न तयार होता. स्वतःच्या लिव्हरचं तिनं अजून काहीच विचारलं नव्हतं. "बाई, मी लेकरांना रांधून घालते. लई लेकरं हायेत. त्यांना व्हईल का?"

"नाही. जेवणातून होत नाही, ताटातून होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही."

"भाजी चिरताना बोट कापलं तर?"

"बोटाला पट्टी बांधायची आणि रक्त लागलेली भाजी टाकून द्यायची. ते तर तुम्ही असंही करत असाल. खाण्यातून हा जात नाही. तुमचं नेलकटर, ब्लेड, दात घासायचा ब्रश तेवढा कुणाला देऊ नका."

"आन् बरा व्हतो का?"

डॉक्टर बाई आता हसल्या. "होतो. आधी इंजेक्शनं असायची, महिनोन् महिने. माणूस त्यानंच अर्धा व्हायचा आणि तरी खात्री नसायची. आता गोळ्या निघाल्यात. तुमच्यासारख्यांना तीन महिने पुरतात. इथंच मिळतात, फुकट."

आईनं माझ्याकडं बघितलं. "एवढंच हाय व्हय? मी म्हटलं आता तिरडीच बांधायची."

बाहेर आल्यावर रिक्षात मी तिला म्हणाले, "आई, हे मेसमध्ये कुणाला बोलू नकोस. नाव ऐकूनच लोक घाबरतील."

"का बरं बोलू नको?"

"मेस बंद पडेल."

"पडू दे मंग." ती रस्त्याकडं बघत बोलत होती. "आईबापाला सोडून लेकरं माझ्या हातचं खायला येतेत. त्यांच्यापासून चोरून वाढू व्हय मी? ते मला जमणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. आई वाढता वाढता मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "लेकरांनो, मला एक आजार निघालाय. सी कावीळ म्हणतेत तिला. रक्तातून व्हते, जेवणातून व्हत न्हाई. डाक्टरनं सांगितलंय. तरी ज्याला भ्याव वाटत आसंल त्यानं दुसरीकडं जेवावं, मला राग न्हाई."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं घास तसाच ताटात ठेवला.

संध्याकाळच्या पंगतीला निम्मीच आली. दोन दिवसांत त्यातलीही निम्मी गळाली. पालकांचे फोन यायला लागले. कुणी नीट विचारायचं, कुणी ओरडायचं. घरमालकीण जिन्यात थांबून म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात हो, पण लोकांचं तोंड कसं धरायचं?" स्वच्छ घासलेली ताटं मांडणीवर उपडी पडून राहिली. आई रोज सगळ्यांचं पीठ मळायची आणि उरलेल्या भाकरी गल्लीतल्या गाईला घालायची. मी म्हटलं, कमी मळ. ती म्हणाली, "येतील. आल्यावर भाकरी नको व्हय?"

एक मुलगी मात्र एक दिवसही चुकली नाही. मुखेडजवळच्या एका खेड्यातली, अबोल, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी. ती यायची, पाट ओढायची आणि म्हणायची, "वाढा मावशी." रिकाम्या खोलीत ती एकटी जेवत असली तरी आई तिला पंगतीच्या थाटात वाढायची.

एक दिवस दुपारी तिचे वडील आले. ते एसटीत कंडक्टर होते; ड्यूटीवरून सरळ आले असावेत, कारण अंगावर खाकी कपडे होते. पोरगी जेवत होती. दारातूनच ते म्हणाले, "ऊठ. सामान बांध. इथं जेवायचं न्हाई."

आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "भाऊ, आधी बसा. पाणी घ्या."

त्यांनी तांब्याला हात लावला नाही. "बाई, तुमच्याबद्दल राग न्हाई. पण हा आजार मला ठाऊक हाय. माझ्या पोरीला इथं ठेवणार न्हाई मी."

पोरीनं ताटावरून मान वर केली. मी तिचा आवाज पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. "बाबा, घरी आईचं ताट वेगळं केलं तेवढं पुरे झालं. मावशीचं ताट मी सोडणार न्हाई."

तिचे वडील चपला काढून आत आले आणि भिंतीला टेकून बसले. त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. त्यांच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा नांदेडला न्यावं लागायचं. काही महिन्यांपूर्वी तिथल्या तपासणीत तिला हीच सी कावीळ निघाली. तेव्हापासून तिचं मशीन वेगळं, कोपऱ्यातलं. आणि घरीही तिचं सगळं वेगळं केलं होतं. ताट, तांब्या, अंथरूण. तिची बाज ओसरीत टाकली होती.

"घरी वेगळं ठेवा म्हणून डाक्टरनं सांगितलं का?" आईनं विचारलं.

"न्हाई. मशीन वेगळी केली, तर मला वाटलं घरी बी तसंच करायचं आसतं."

"इचारलं का कुणाला?"

त्यांनी मान हलवली. "हिंमत झाली न्हाई. आधीच किडनीचं, त्यात हे. अजून काय ऐकायला लागंल म्हणून इचारलंच न्हाई."

"आन् ती काय म्हणते?"

"ती काय म्हणणार. गप ऱ्हाते."

आई भिंतीचा आधार घेत उठली. "उद्या तुमच्या घरी येते मी. जेवायला. मला तिच्याच ताटात वाढायचं."

दुसऱ्या दिवशी मी क्लासमधून रजा घेतली आणि आम्ही अहमदपूरमार्गे एसटीनं निघालो. खिडकीतून वारा येत होता, आई पदर डोक्यावर घट्ट धरून बसली होती. तिला बऱ्याच वर्षांनी मुखेडच्या बाजूला जायला मिळत होतं. सगळ्या रस्त्यानं ती मला शेतं दाखवत राहिली, अंधुक डोळ्यांनी. ही तूर बघ, ते सोयाबीन बघ. निम्मं तिला दिसत नव्हतं, ती वासावरून सांगत होती.

कंडक्टरांचं घर गावाच्या कडेला होतं. ओसरीतल्या बाजेवर त्यांची बायको बसली होती. माझ्याच वयाची असेल, पण चेहरा पिवळट आणि सुजलेला, हातावर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी. आम्ही आल्याचं बघून ती घाईनं मागं सरकली. "अक्का, लांब बसा. मला ते हाय."

"मला बी तेच हाय," आई म्हणाली आणि बाजेवर तिच्या अगदी लगत बसली.

आईनं आपल्या पायाची कथा सांगितली, भूकंपाची, रक्ताची. मग म्हणाली, "तुला मशीनवर लागलं आसंल, मला बाटलीतून लागलं. दोघींचा गुन्हा काय? जगायला गेलो, एवढाच. चल, जेवू."

कंडक्टरांनी ताट आणलं. ओळखू यावं म्हणून त्या ताटाच्या काठाला निळा रंग फासलेला होता. आईनं ते मांडीजवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"आगं माय, मीठच न्हाई की!"

"मला मीठ बंद हाय, अक्का," ती बाई म्हणाली आणि हसली. खळखळून नाही, पण हसली. कंडक्टरांनी ते ऐकलं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते आले, खाली बसले आणि त्यांनी त्याच ताटातली भाकरी मोडून खाल्ली. बाईनं तोंडाला पदर लावला. आई म्हणाली, "रडू नको. रडलं की तहान लागती, आन् तुला पाणी बी मोजून हाय." मग मात्र सगळेच हसलो.

त्या दिवशी ओसरीतली बाज घरात गेली.

पुढच्या आठवड्यात कंडक्टरांनी नांदेडच्या डॉक्टरांना सगळं विचारलं. किडनीच्या रुग्णांनाही ह्या गोळ्या देता येतात, हे त्यांना तेव्हा कळलं. आईच्या गोळ्या लातुरात सुरू झाल्या, कंडक्टरांच्या बायकोच्या नांदेडला. आईचं लिव्हर थोडं कडक झालं होतं, पण आजार वेळेत सापडला होता. माझं रक्तही तपासलं. मी भूकंपाच्या आधी जन्मलेली, धोका नव्हताच, पण आईला चैन पडेना. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर तिनं शेजारच्या गणपतीपुढं नारळ फोडला.

तीन महिने दोघींचे रोज फोन चालायचे.

"घेतली का गं?"

"घेतली अक्का. तुम्ही?"

"ही काय, तोंडातच हाय."

आईचं डोकं कधी कधी दुखायचं, जीव कंटाळायचा. त्यापलीकडं त्रास काही झाला नाही. ती पहिल्यासारखीच चुलीपुढं उभी राहायची.

मीही गप्प बसले नाही. क्लासमध्ये लिव्हरचा धडा आला तेव्हा मी सीवरचं ते एक वाक्य बाजूला ठेवून पूर्ण तास घेतला. कुणाला होतो, कशानं होतो, कशानं होत नाही. शेवटी सांगितलं, "माझ्या आईला आहे. तिच्या हातचं मी रोज जेवते." मागच्या बाकावरून मुखेडची ती मुलगी उठून उभी राहिली. "माझ्या आईला पण हाय. आन् ती बरी व्हणार हाय." एका पोरानं विचारलं, "मॅडम, आज मावशींनी काय केलंय?"

"पिठलं."

त्या दुपारी तो आला. त्याच्यासोबत तिघं आले. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्यानं कावीळ झालेल्या बाईला घाबरायचं का, ह्यावर पोरांत वाद झाले म्हणे. महिनाभरात मांडणीवरची ताटं पुन्हा कमी पडायला लागली आणि आईनं घरमालकिणीकडं उसनी ताटं मागितली. घरमालकीण स्वतः ती घेऊन आली आणि पिठलं चाखून गेली.

गोळ्या संपल्या. मग आणखी तीन महिने थांबून शेवटची तपासणी करायची होती. तेव्हाही विषाणू सापडला नाही तर बरी झाली असं समजायचं. रिपोर्ट घ्यायला आई माझ्यासोबत आली. डॉक्टर बाईंनी कागद वाचला आणि खुर्चीतून उठल्या.

"आजी, गेला. एकही नाही उरला."

"एक बी?"

"एकही नाही."

आईनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांची दृष्ट काढली, भर ओपीडीत, बोटं कडाकडा मोडून. मागं रांगेत उभे असलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी ते त्यांतल्या बहुतेकांना कळलंही नसेल.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. तिथं एक गंमत झाली. डोळ्यांच्या दवाखान्यात पुन्हा तीच पहिली तपासणी केली आणि ती पुन्हा पॉझिटिव्ह आली. नवीन आलेली नर्स दचकली. मला डॉक्टर बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, ही तपासणी विषाणूशी लढलेल्या शरीराची खूण दाखवते, ती खूण जन्मभर राहते. विषाणू आहे की नाही ते दुसऱ्या तपासणीत कळतं. मी तो दुसरा रिपोर्ट पुढं करेपर्यंत आईच बोलली, "बाई, भिऊ नको. चोर गेला, दाराला त्याच्या हाताचे ठसे हायेत तेवढे." डॉक्टर हसत म्हणाले, बरोबर आहे, चला आत.

कंडक्टरांच्या बायकोचा नांदेडचा रिपोर्ट आईच्या रिपोर्टामागोमाग आला. तोही तसाच, कोरा. किडन्या काही परत आल्या नाहीत, डायलिसिस चालूच राहणार होतं. पण त्या बाईला कोपऱ्यातल्या मशीनवरून मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या रांगेत आणणार होते. आई म्हणाली, मला तो दिवस बघायचाय. आम्ही नांदेडला गेलो. हॉलमध्ये ओळीनं खाटा होत्या. इतक्या महिन्यांत ज्या बायका हिला फक्त लांबून बघायच्या, त्यांनी हात हलवून तिला बोलावलं. "ये गं, इकडं ये, माझ्या बाजूला." ती खाटेवर पडली, सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आणि शेजारची बाई तिला कोणत्या मालिकेत काय झालं ते सांगायला लागली. तिचे यजमान दाराच्या काचेतून बघत होते. आईनं नव्या डोळ्यानं सगळा हॉल पाहून घेतला आणि म्हणाली, "लगीन लागल्यावाणी दिसायलीय बघ."

एवढ्यावर आई थांबेल असं मला वाटलं होतं. ती थांबली नाही. एक दिवस पीठ मळता मळता तिनं विचारलं, "माझ्यासंगं दवाखान्यात आपल्या गावची बाकीची बी होती की. त्यांना बी रक्त चढलं. त्यांना कोण सांगणार?"

आम्ही डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गावात लोक एकत्र सापडतील असा दिवस सांगा, आम्ही येतो. आमच्याकडं तसा दिवस एकच, येळवस. वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यातला माणूस पुण्यात असो की हैदराबादेत, शेतात मिसळीच्या भाज्यांची भज्जी खायला आणि ताकातली आंबील प्यायला गावी येतोच. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी ठेवायचं ठरलं.

भूकंपानंतर बांधलेलं आमचं नवं गाव रुंद रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. आई येळवशीला रानारानांतून फिरली. कडब्याच्या प्रत्येक कोपीपुढं बसायची, आंबिलीचा घोट घ्यायची आणि विचारायची, "तुला तवा रक्त चढलं हुतं ना?" बहुतेकांनी येतो म्हटलं. एक म्हातारे पाटील मात्र अडून बसले. भूकंपात त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. "मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "ह्या वयात बी पोतं उचलतो मी."

"मी बी भाकऱ्या थापतच हुते," आई म्हणाली. "मला तरी कुठं कळलं? पाटील, भूकंपाला भ्याला न्हाईत, सुईला भेता व्हय?"

शेजारच्या धुऱ्यावर, बांधाला बसलेली माणसं हसली. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांत पुढं पाटीलच उभे होते.

डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या तसंच निघालं. ज्यांना रक्त चढलं नव्हतं त्यांच्यात कुणीच नाही. ज्यांना चढलं होतं त्यांच्यात मात्र निघाले, आणि पाटील त्यांतले एक. एकाचं लिव्हर बरंच बिघडलं होतं. त्याला औषध जास्त दिवस घ्यावं लागलं आणि अजूनही तपासणीला जावं लागतं. पण विषाणू सगळ्यांच्या अंगातून गेला. गावातल्या एकाही घरात कुणाचं ताट वेगळं झालं नाही, कारण आई दर पंधरा दिवसांनी कुणा ना कुणाकडं जेवायला हजर असायची.

पाटलांचा शेवटचा रिपोर्ट कोरा आला त्यानंतरच्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या आरोग्य केंद्रात तपासणी ठेवली होती. आम्ही सकाळीच पोचलो. टेबलं मांडून झाली, डॉक्टर बाई आल्या, पण माणसांचा पत्ता नव्हता. आई फाटकाशी उभी राहून रस्त्याकडं बघत होती. आणि मग लांबून हलगीचा आवाज आला. पाटलांचा ट्रॅक्टर येत होता. मागं ट्रॉलीत आसपासच्या वस्त्यांवरची, भूकंपातून उठलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणी काठी धरलेली, कुणी नातवाच्या खांद्यावर हात टाकलेला. पाटील स्वतः ट्रॅक्टर चालवत होते. फाटकात गाडी उभी करून त्यांनी फेटा सावरला, खाली उडी मारली आणि ट्रॉलीचं फळकूट धाडकन खाली पाडलं.

"उतरा रे सगळे," ते गरजले, "आन् बाह्या वर सारा!"